जुन्या सुट्या भागांतून पहिली एअरसॉफ्ट गन कशी जुळवायची

एअरसॉफ्ट, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गनने प्लॅस्टिकच्या गोळ्या मारण्याचा खेळ, खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक गटात बंद पडलेल्या गन असतात. कुणाच्या पिस्टनचे दात गेलेले असतात, कुणाची वायर आत कुठेतरी तुटलेली असते, तर कुणी नवी घेतली म्हणून जुनी खोक्यात टाकून दिलेली असते. अशा दोन-तीन गन एकत्र आल्या की त्यातून एक चांगली चालणारी गन निघू शकते. नीट जुळवली तर ती त्याच खर्चातल्या कोऱ्या गनपेक्षा सरळ आणि लांब मारते. स्वस्त नव्या गनमध्ये पैसा बाहेरच्या दिसण्यावर गेलेला असतो. तुम्ही स्वतः जुळवता तेव्हा तो हवा अडवणाऱ्या आणि बीबीला, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या गोळीला, दिशा देणाऱ्या मोजक्या भागांवर लावता येतो.

हा लेख इलेक्ट्रिक गनपुरता आहे. बॅटरीवर फिरणारी मोटर, तीन गिअर, स्प्रिंग आणि पिस्टन अशी ही रचना टोकियो मारुई या जपानी कंपनीने १९९१ साली फामास या मॉडेलमधून बाजारात आणली. पुढच्या बहुतेक कंपन्यांनी तीच मापं धरली, म्हणून एका कंपनीचा पिस्टन दुसरीच्या गिअरबॉक्समध्ये, म्हणजे हे सगळे भाग ठेवायच्या कवचात, बसतो. सुट्या भागांतून गन जुळवता येते ती यामुळेच. गॅसवर चालणाऱ्या गनमध्ये सील आणि व्हॉल्व्हचे प्रश्न वेगळे असतात, त्या पहिल्या कामासाठी घेऊ नका. घरगुती पाइपातून हवेची टाकी बनवण्याच्या फंदात तर कधीच पडू नका. प्लॅस्टिकचा पाइप दाबाखाली फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात.

आधी कायदा आणि डोळे

एअरसॉफ्ट गन दिसायला खरीसारखी असते. त्यामुळे काही देशांत ती बाळगायलाच बंदी आहे, काही ठिकाणी वयाची अट आहे, तर काही ठिकाणी शक्तीची मर्यादा आहे. जपानमध्ये ६ मिमी बीबीसाठी ही मर्यादा सुमारे ०.९८ ज्यूल आहे. ब्रिटनमध्ये सलग फायर करणाऱ्या गनला १.३ ज्यूल आणि एकेक फायर करणाऱ्या गनला २.५ ज्यूल. अमेरिकेत विक्रीच्या वेळी नळीच्या टोकाला नारिंगी खूण लागते. आपण राहतो तिथला नियम पहिला स्क्रू फिरवण्याआधी वाचा. जुन्या गनवर अशी खूण असेल तर ती रंगवून झाकू नका. खऱ्या बंदुकीचा कुठलाही भाग या कामात वापरायचा नाही, फुकट मिळाला तरी नाही. धातूचे छर्रे मारता यावेत म्हणून बदल करणं हा एअरसॉफ्टचा भाग नाही.

डोळ्यांसाठी आघात सोसणारा चष्मा किंवा गॉगल लागतो. त्यावर एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ असा शिक्का असतो. हा नवा घ्या, ओरखडे पडलेला जुना नको. बेंचवर एकच बीबी मारून बघायची असली तरी तो घालूनच मारा. गन घराबाहेर नेताना बॅटरी काढलेली, मॅगझिन वेगळं आणि सगळं बंद पिशवीत.

कुठल्या नमुन्यावर जायचं

नवखे लोक हाती येईल ते गोळा करतात आणि मग काहीच एकमेकांत बसत नाही. म्हणून आधी एक नमुना ठरवा आणि त्याला चिकटून राहा. गिअरबॉक्सच्या दोन जाती सर्वांत जास्त सापडतात. व्हर्जन २ हा एम४, एमपी५ आणि जी३ या बंदुकींच्या नकलांत असतो. व्हर्जन ३ हा एके, जी३६ आणि ऑगमध्ये. पिस्टन, सिलिंडर, स्प्रिंग आणि गिअर दोन्हींत बहुतेक सारखेच चालतात. नोझल (बीबीच्या मागे हवा सोडणारी छोटी नळी), टॅपेट प्लेट (नोझल मागे-पुढे करणारी पट्टी), स्प्रिंग गाइड (स्प्रिंगच्या आतला दांडा) आणि ट्रिगरचे भाग मात्र वेगळे असतात. मोटरचंही तसंच: एम४ला लांब दांड्याची मोटर, एकेला आखूड दांड्याची.

माझा सल्ला एम४चा आहे. व्हर्जन ३ची रचना जास्त मजबूत आहे आणि उघडायलाही सोपी आहे, हे खरं. पण एम४चे सुटे भाग, बाहेरचे आणि आतले, इतके विखुरलेले आहेत की एखादा भाग चुकला तरी दुसरा लवकर मिळतो. एकेच्या बाहेरच्या भागांत कंपनीगणिक थोडा थोडा फरक असतो आणि कानस चालवत बसावं लागतं.

खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या, पूर्ण प्लॅस्टिकच्या हलक्या इलेक्ट्रिक गनपासून सावध राहा. त्यांचे गिअर प्लॅस्टिकचे असतात आणि मापं त्यांची त्यांचीच. त्यातून दस्ता, रेल (दुर्बीण वगैरे अडकवायची पट्टी) किंवा मॅगझिनची पिशवी कामी येईल, बाकी काही नाही.

मेलेली गन ओळखायची कशी

पैसे देण्याआधी किंवा भागांची अदलाबदल करण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा: ट्रिगर दाबल्यावर आवाज कसा येतो? शक्य असेल तर चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या आणि स्वतः ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

काहीच आवाज नाही, तर दोष बहुधा विजेचा आहे. फ्यूज गेलेला, कनेक्टर सैल, वायर तुटलेली किंवा ट्रिगरचे तांब्याचे संपर्क जळून काळे पडलेले. ही सर्वांत चांगली खरेदी, कारण आतलं यंत्र सहसा शाबूत असतं.

मोटर सुसाट फिरते पण बीबी बाहेर पडत नाही, तर पिस्टनचे दात गेलेत किंवा मोटरच्या टोकावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, दांड्यावर घसरतोय. दोन्ही भाग स्वस्तात बदलतात. पिस्टन प्लॅस्टिकचा ठेवण्यामागे हेतूच तो असतो: काही अडकलं तर आधी तो मोडावा आणि गिअर वाचावेत.

दळल्यासारखा खरखर आवाज आला तर गिअरच्या दातांना मार बसलेला असू शकतो. गिअरबॉक्स उघडून दाखवायला तयार असतील तरच घ्या. मोटर एकदा कण्हून थांबत असेल तर बॅटरी संपलेली असेल किंवा आत काहीतरी अडकलेलं असेल. अशा वेळी ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबू देऊ नका, थांबलेली मोटर प्रचंड करंट ओढते आणि जळते.

व्हर्जन २च्या कवचाचा पुढचा भाग टॉर्चखाली बघा. सिलिंडर जिथे खिडकीतून दिसतो, तिथल्या पुढच्या कोपऱ्यात केसासारखी चीर असू शकते. पिस्टन दर वेळी तिथेच आदळतो, म्हणून हे कवच तिथेच फुटतं. चीर दिसली तर कवच टाकून द्या, चिकटवून भागत नाही. आतले भाग काढून घ्यायला मात्र ती गन अजूनही उपयोगाची आहे.

जुनं काय चालेल, नवं काय लागेल

कवच, गिअर, सिलिंडर, मोटर, बाहेरची नळी, दस्ता, मॅगझिन हे सगळं जुनं चालतं. गिअरचे दात गोलाकार झिजलेले नसावेत आणि तिन्ही गिअर शक्यतो एकाच संचातले असावेत. मोटरचे ब्रश आखूड झाले असतील तर नुसते ब्रश बदला.

नव्या घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत. हॉप-अपचं, म्हणजे बीबीला फिरकी देणाऱ्या भागाचं, रबर, पिस्टन हेडची ओ-रिंग (रबरी कडी), शिम्स म्हणजे गिअरच्या दांड्यांवर घालायच्या चकत्यांचा संच, बॅटरी आणि तिचा योग्य चार्जर. जुनं रबर कडक होतं, ओ-रिंग चपटी होते आणि जुन्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा इतिहास कुणालाच नीट माहीत नसतो. फुगलेली बॅटरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

हत्यारं साधी पुरतात: फिलिप्स आणि टॉर्क्स टी१० स्क्रूड्रायव्हर, अॅलन की, पिना काढायला बारीक पंच, व्हर्निअर कॅलिपर, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन. शिवाय कप्पे असलेला डबा आणि फोनचा कॅमेरा. दर टप्प्याला फोटो काढा, जोडताना त्याच फोटोंवर सगळी मदार असते.

उघडणं

बॅटरी काढा. मॅगझिन काढा, हॉप-अपमध्ये अडकलेली बीबी बाहेर काढा. मग दस्ता, ग्रिपखालची मोटर आणि बॉडीच्या पिना या क्रमाने उतरवत गिअरबॉक्स मोकळा करा.

कवच उघडण्याआधी गिअर उलटे न फिरू देणारी अँटी-रिव्हर्सल लॅच सोडवून स्प्रिंग सैल झाल्याची खात्री करा. तरीही स्प्रिंगवर थोडा ताण उरतोच. व्हर्जन २मध्ये मागच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर स्प्रिंग गाइडमध्ये घालून धरा आणि मगच दुसऱ्या हाताने कवचाचा वरचा अर्धा भाग उचला. हे विसरलं तर स्प्रिंग आणि सोबतचे बारीक तुकडे खोलीभर उडतात, आणि सगळ्यात छोटी लॅचची स्प्रिंग हमखास सापडत नाही. गॉगल इथेही हवाच.

सगळं ग्रीस पुसून काढा. जुन्या ग्रीसमध्ये धातूचा चुरा मिसळलेला असतो. तो दातांत राहिला तर नवे भागही लवकर झिजतात.

हवा अडवणं, म्हणजे खरं काम

गन किती सातत्याने मारते हे इथे ठरतं. पिस्टन पुढे जातो तेव्हा सिलिंडरातली सगळी हवा बीबीच्या मागे पोचली पाहिजे. ती चार ठिकाणी गळते: पिस्टन हेडची ओ-रिंग, सिलिंडर हेड, नोझल, आणि नोझल व हॉप-अप रबर जिथे भेटतात ती जागा.

पिस्टन, सिलिंडर, सिलिंडर हेड आणि नोझल एवढेच चार भाग जोडा. नोझलचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि पिस्टन आत ढकला. तो उशीसारखा अडला आणि अडूनच राहिला, तर काम झालं. हळूहळू आत सरकत गेला तर एकेक जागा शोधा. ओ-रिंग सैल असेल तर ती काढून खोबणीत टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या आणि पुन्हा बसवा. सिलिंडर हेड सैल असेल तर तिथेही टेप चालते. नोझल सैल असेल तर दुसऱ्या गनमधला लावून पाहा. सिलिंडरला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. पेट्रोलियमचं ग्रीस रबराला फुगवतं, ते इथे नको.

नोझलची लांबी कॅलिपरने मोजा. एम४चा नोझल साधारण २१.४ मिमी असतो. वेगवेगळ्या गनमधले भाग मिसळताना हाच फरक सगळ्यात जास्त छळतो, कारण दिसायला सगळं बरोबर असतं आणि तरी वेग कमी येतो. आखूड नोझल रबरापर्यंत नीट पोचत नाही, लांब नोझल बीबीला वर येऊ देत नाही.

सिलिंडर आणि बॅरल, म्हणजे बीबी जिच्यातून जाते ती आतली नळी, यांचा मेळही बघा. सिलिंडरातली हवा बॅरलच्या आतल्या जागेच्या साधारण दुप्पट असली की चांगलं जमतं. ३६३ मिमी लांब, ६.०३ मिमी व्यासाच्या बॅरलमध्ये जेमतेम १० घन सेंटिमीटर जागा असते. पूर्ण बंद सिलिंडर लांब बॅरलसाठी. आखूड बॅरलसाठी बाजूला भोक असलेला सिलिंडर घ्या, म्हणजे पिस्टनला आधी थोडा मोकळा वेग मिळतो. डबा उचकला की दोन्ही प्रकार सापडतात.

शिमिंग

गिअरच्या दांड्यांवर ०.१ ते ०.५ मिमी जाडीच्या बारीक चकत्या घालून त्यांची उंची नेमकी करायची, याला शिमिंग म्हणतात. मिसळलेल्या भागांच्या गनमध्ये हे टाळून चालत नाही. एका कवचातले गिअर दुसऱ्यात टाकले की मोजमाप बदलतंच.

आधी कवचातले बुशिंग, म्हणजे गिअरचे दांडे ज्यांत फिरतात त्या गोल कड्या, बघा. ते ६, ७ किंवा ८ मिमीचे असतात आणि कवचाच्या भोकाला जुळले पाहिजेत. सैल असतील तर सुपरग्लूचा थेंब लावून पक्के करा. मग मोटर ग्रिपमध्ये बसवून, बेव्हल गिअर, म्हणजे मोटरला लागून असलेला पहिला गिअर, पिनियनच्या दातांत पूर्ण रुंदीने बसेल इतका उचला. त्याच्या हिशेबाने मधला स्पर गिअर आणि शेवटी पिस्टन ओढणारा सेक्टर गिअर. प्रत्येक गिअर बोटाने सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली जेमतेम ०.१ मिमी हलला पाहिजे. कवच स्क्रूने आवळून पुन्हा तपासा, कारण आवळल्यावर जागा कमी होते. याला एक पूर्ण संध्याकाळ द्या. घाईत केलेलं शिमिंग आवाजावरून ऐकू येतंच, आणि गिअर खाऊन टाकतं.

गिअरना लिथियम ग्रीस दातांपुरतं लावा, भरू नका.

स्प्रिंग आणि शक्ती

स्प्रिंगवर एम९०, एम१०० असे आकडे असतात. ०.२० ग्रॅमची बीबी अंदाजे तेवढे मीटर प्रति सेकंद जाईल असा त्यांचा अर्थ. १०० मीटर प्रति सेकंदाने जाणाऱ्या ०.२० ग्रॅम बीबीची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. पहिल्या गनमध्ये एम९० किंवा एम१००च्या वर जाऊ नका. कडक स्प्रिंगने जुने गिअर, जुनं कवच आणि जुनी मोटर यांच्यावरचा ताण एकदम वाढतो, आणि पल्ला तेवढा वाढत नाही. पल्ला हॉप-अप देतो.

वायर, बॅटरी, ट्रिगर

जुनी वायर कडक किंवा हिरवट झाली असेल तर बदला. १६ किंवा १८ गेजची सिलिकॉन आवरणाची वायर वाकते आणि उष्णता सोसते. फ्यूज ठेवाच. कनेक्टर उलटा लागणार नाही असा घ्या. मोटरला वायर उलट जोडली तर ती उलटी फिरू पाहते, लॅच तिला अडवते आणि काही सेकंदांत धूर निघतो. म्हणून पहिल्यांदा ट्रिगर क्षणभरच दाबून बघा.

७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी सगळ्या जुन्या गनला पुरते. ११.१ व्होल्टचा मोह टाळा. एक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, बरेच दिवस ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जर या बॅटरीसाठीच बनवलेला आणि सेल समतोल करणारा हवा, आणि चार्ज होताना खोलीत थांबा. सोल्डरिंग जमत असेल तर साधा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवा. मोटरचा पूर्ण करंट मग ट्रिगरच्या संपर्कांतून जात नाही आणि ते जळत नाहीत.

बॅरल आणि हॉप-अप

पैसे उरलेच तर ते इथे खर्च करा, रेल आणि दुर्बिणीवर नको.

बीबीचा व्यास ५.९५ मिमी असतो, साध्या बॅरलचा ६.०८. घट्ट बॅरल ६.०३ किंवा ६.०१चे मिळतात. पण जुनं ६.०८चं पितळी बॅरल सरळ आणि स्वच्छ असेल तर ते सोडू नका. काचेवर ठेवून लोळवा, वाकलेलं असेल तर उड्या मारतं. टोकाकडची कड टॉर्चखाली बघा. तिथला ओरखडा बीबीला शेवटच्या क्षणी ढकलतो. आतून अल्कोहोलमध्ये भिजवलेली चिंधी दांडीने फिरवा, ती पांढरी बाहेर येईपर्यंत.

हॉप-अपचं रबर बीबीच्या डोक्यावर घासून तिला मागच्या दिशेने फिरकी देतं. फिरणाऱ्या चेंडूला हवा एका बाजूला उचलते, हे गुस्ताव माग्नुस यांनी १८५२मध्ये मांडलं. तोच परिणाम आपली बीबी हवेत तरंगत ठेवतो. रबरावर तेल अजिबात नको, तेलकट रबर घसरतं आणि प्रत्येक बीबी वेगळी जाते. रबर बॅरलवर चढवताना आतला उंचवटा खिडकीच्या बरोबर मध्यावर आणा. जरा तिरपा बसला तरी सगळ्या बीबी एकाच बाजूला वळतात, आणि लोक उगाच दुर्बीण फिरवत बसतात. हॉप-अपच्या चेंबरमध्ये, म्हणजे रबर आणि बॅरल धरणाऱ्या भागात, बॅरल डुगडुगत असेल तर टेपचे एक-दोन वेढे देऊन ते घट्ट करा.

जुळवणी आणि पहिली चाचणी

गिअरबॉक्स बॉडीत घालण्याआधी, पिस्टन आणि स्प्रिंग न घालता, फक्त गिअर आणि मोटर चालवून बघा. मोटरची उंची ग्रिपच्या तळाच्या स्क्रूने बदलते. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐका. कर्कश किंचाळी म्हणजे पिनियन फार जवळ, खरखर म्हणजे फार दूर. मधला गुळगुळीत आवाज मिळाला की थांबा.

मग स्प्रिंग आणि पिस्टनसह कवच बंद करा. बंद करताना अँटी-रिव्हर्सल लॅच दर वेळी निसटते. वाकवलेली बारीक तार आतून घालून तिला मागे धरून ठेवा. जबरदस्तीने कवच दाबू नका, काहीतरी आडवं आलेलं असतं म्हणूनच ते मिटत नसतं.

बाहेरचे भाग शेवटी. एम४च्या बाहेरच्या नळीच्या टोकाला सहसा १४ मिमीचे डावे आटे असतात, त्यामुळे फ्लॅश हायडर, म्हणजे नळीच्या टोकावरचा तुकडा, नेहमीच्या उलट दिशेने फिरवायचा. थ्रीडी प्रिंट केलेले ग्रिप, दस्त्याचे जोड, रेलचे तुकडे छान चालतात. पिस्टन, गिअर असे मार खाणारे भाग मात्र प्रिंट केलेले लावू नका.

पहिल्या बीबी क्रोनोग्राफसमोरच, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रासमोरच, मारा, त्याही एकेक. ०.२० ग्रॅमच्या दहा बीबींचे वेग लिहून ठेवा. त्यांच्यातला फरक दोन-तीन मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर हवा नीट अडतेय. वेग खाली-वर उड्या मारत असेल तर नोझल आणि रबराकडे परत जा. वेग तुमच्या मैदानाच्या मर्यादेच्या वर गेला तर हलकी स्प्रिंग घाला, मर्यादा ओलांडलेल्या गनने कुणावर नेम धरायचा नाही.

हॉप-अप लावताना ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमची बीबी घ्या, ती वाऱ्यात कमी भरकटते. हॉप पूर्ण सोडून सुरुवात करा, थोडं थोडं वाढवा. बीबी शेवटाकडे वर उसळू लागली की जरासं मागे घ्या. शे-दोनशे बीबींनंतर नवं रबर बसतं, तेव्हा पुन्हा एकदा लावा, आणि त्यानंतर गिअरबॉक्सचे बाहेरचे स्क्रू सैल झालेत का तेही तपासा.